फिल्टर घरात आहे, पण उघडला कधी?

(रेडिओवर झालेलं बोलणं, छापण्यापुरतं थोडं आटोपतं करून)

कुणी धान्य निवडत ऐकत असाल, कुणी शेरडं बांधावर सोडून. मागच्या वेळी विहिरीच्या पाण्याबद्दल बोललो, तेव्हा दोघी-तिघींचा निरोप आला की, आमच्याकडं फिल्टर आहे, आम्हाला काही काळजी नाही. तो निरोप ऐकला आणि ठरवलं, आज फिल्टरवरच बोलायचं. कारण हेच वाक्य मी स्वतः एकदा बोलले होते, आणि त्या वाक्यानं मला सरकारी दवाखान्यात तीन रात्री बसवलं.

मी बोलतेय तो फिल्टर म्हणजे आपला स्टीलचा. वर एक भांडं, खाली एक भांडं, वरच्या भांड्यात पांढऱ्या कॅन्डल उभ्या, खाली तोटी. कुणाला लग्नात आलाय, कुणी भिशीच्या पैशातून घेतलाय. वीज लागत नाही, वर पाणी ओतलं की रात्रभर टिपटिप खाली जमा होतं. चांगली वस्तू आहे. माझं तिच्याशी भांडण नाही.

आमच्या घरी तो ओट्याच्या कोपऱ्यात असतो. त्या वर्षी पावसाळ्यात गढूळ पाणी यायचं आणि फिल्टर अगदी मंद चालायचा. सकाळी बघावं तर खालच्या भांड्यात दोन तांबेसुद्धा नाहीत. मग एक दिवस काय झालं, जाऊबाईंनी घाईघाईत वरचं भांडं घासायला काढलं, ते ओट्याच्या कडेला थडकलं, आणि त्या दिवसापासून पाणी धडाधड पडायला लागलं. तासाभरात खालचं भांडं भरलं. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "बरं झालं गं, फिल्टर मोकळा झाला एकदाचा." आम्ही सगळ्याच खूश.

आठ-दहा दिवसांत जाऊबाईंच्या दोन वर्षांच्या पोराला जुलाब लागले. साखर-मीठ-पाणी दिलं, पुडीचं पाणी दिलं, पण उलटी थांबेना, डोळे खोल गेले, रडताना डोळ्यांत पाणी येईना. तसंच उचलून नेलं. सलाईन लागलं तेव्हा कुठं पोरगं सावरलं. सिस्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, फिल्टरचं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "उघडून कधी बघितला होता शेवटचा?" मला उत्तर देता येईना.

घरी येऊन उघडला. तीन कॅन्डल होत्या. एकीला बुडापासून केसाएवढी चीर गेलेली. नखानं चाचपल्यावर हाताला लागली, नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती. आमचा फिल्टर मोकळा झाला नव्हता, फुटला होता. आणि खालच्या भांड्यात तोटीच्या आतल्या बाजूला शेवाळासारखा बुळबुळीत थर. पोराला नेमकं त्यामुळंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, लहान पोर दहा ठिकाणी तोंड घालतं. पण ते पाणी बघितल्यावर मला दुसरं कारण शोधावंसं वाटलं नाही.

आता हे असं का होतं ते नीट समजून घेऊ, म्हणजे साफ करताना हात कुठं जपायचा ते आपोआप कळेल.

कॅन्डल ही भाजलेली माती आहे. चिनी मातीच्या जातीची, पण वरून चकाकी न दिलेली. तिच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. पाणी बाहेरून आत झिरपतं आणि बुडाच्या नळीतून खाली पडतं. गाळ, जंतांची अंडी, आमांश करणारे जीव हे सगळं बाहेरच्या अंगावर अडकतं. अडकतं म्हणजे नाहीसं होत नाही, हे ध्यानात घ्या. आपण पीठ चाळतो तेव्हा कोंडा चाळणीत राहतो, तसा तो सगळा मळ कॅन्डलवर बसून राहतो. थर जाड झाला की पाणी हळू पडतं. म्हणून पाणी हळू पडणं ही "मला धुवा" अशी हाक असते. आणि न धुता, न बदलता पाणी एकाएकी जोरात पडायला लागलं, तर आनंद मानू नका. पाण्याला फटीतून वाट सापडलेली असते.

साफ करायची रीत सांगते. आधी स्वतःचे हात साबणानं धुवा. वरच्या भांड्यातलं पाणी संपू द्या, उरलं तर भांड्यांना वापरा. भांडं उचलून आडवं करा, खालून नट हातानं सोडवा. कॅन्डल धरायची ती बुडाच्या प्लॅस्टिकला. पांढऱ्या भागाला धरून पिळली की माती आणि प्लॅस्टिक यांच्यामधला चिकटवलेला जोड सुटतो, आणि तो सुटलेला दिसतसुद्धा नाही.

मग वाहत्या पाण्याखाली धरून मऊ ब्रशनं घासा. फिल्टरसाठी म्हणून एक नवा दात घासायचा ब्रश बाजूला ठेवा, किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी वापरा, ती फार छान चालते. वरच्या टोकापासून खाली, हलक्या हातानं, पिवळा-तपकिरी थर जाऊन पांढरा रंग दिसेपर्यंत. हे करताना बुडाच्या नळीच्या तोंडावर बोट दाबून धरा. कारण कॅन्डलची आतली बाजू म्हणजे स्वच्छ पाण्याची बाजू. घासलेलं घाण पाणी नळीतून आत शिरलं तर ते आपण उद्या पिणार. शेवटचं खंगाळणं उकळून गार केलेल्या पाण्यानं करा.

साबण नको, निरमा नको, राख नको. छिद्रांत शिरलेला साबण निघत नाही, चार दिवस पाण्याला चव येते. तारेची घासणी तर अजिबात नको, ती कॅन्डल खरवडून काढते. आमच्या गटातली एक जण इतकी टापटिपीची की रोज कॅन्डल घासायची. तिची कॅन्डल दिवाळीपर्यंत बोटाएवढी झाली! प्रत्येक घासण्यानं माती थोडी झिजतेच. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, एरवी पाणी मंद झालं की, एवढं पुरे. झिजून कॅन्डल सडपातळ दिसायला लागली की तिचं काम संपलं, मग ती कितीही पांढरीशुभ्र असो. काही कंपन्या मापाची एक छोटी पट्टी देतात. ती नसेल तर नवी कॅन्डल आणल्या दिवशी तिच्याभोवती दोरा गुंडाळून, त्या मापाचा दोरा फिल्टरच्या झाकणाला बांधून ठेवा. पुढं ताडून बघता येतं.

कॅन्डल उकळायची का, हा प्रश्न हमखास येतो. पूर्वीच्या साध्या, सबंध मातीच्या कॅन्डल बायका उकळत, आणि ते योग्यच होतं. आता बुडाला प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं, काहींच्या पोटात कोळसा भरलेला असतो. तेव्हा खोक्यावरच्या कागदात उकळा असं लिहिलं असेल तरच उकळा. आणि उकळलीच तर त्याच पाण्यात निवू द्या. गरम कॅन्डल गार पाण्यात टाकली की ती तडकते, गरम काचेच्या पेल्यासारखीच.

आता चीर ओळखायची कशी? घासून झाल्यावर कॅन्डल स्वच्छ पाण्यात दोन-तीन तास पूर्ण बुडवून ठेवा, म्हणजे अंगभर पाणी मुरेल. मग ती पाण्याखालीच ठेवून बुडाच्या नळीला एक स्वच्छ बारीक पाईप लावून हळू फुंका. चांगली भिजलेली कॅन्डल हवा सोडत नाही. एकाच जागेहून बुडबुड्यांची माळ सुटली तर तिथं चीर आहे. जोडापाशी सुटली तर जोड गेला आहे. सायकलचं पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात धरतो ना, तीच युक्ती. तीनपैकी एक जरी अशी निघाली तरी तिला बाहेर काढा. चांगल्या दोघींनी गाळलेलं पाणीही ती एकटी नासवते, कारण खालचं भांडं तर एकच. चिकटपट्टी किंवा एमसील लावून तिला वाचवू नका.

दुसरी जागा म्हणजे वायसर. रबरी वायसर कडक होतो, त्याला भेगा पडतात, आणि पाणी कॅन्डलला टाळून त्याच्या बाजूनं खाली उतरतं. कॅन्डल परत बसवताना नट हातानं घट्ट करा, पक्कड लावू नका. मग वरच्या भांड्यात इतकंच पाणी ओता की ते कॅन्डलच्या प्लॅस्टिकच्या बुडापर्यंत राहील, पांढऱ्या भागाला लागणार नाही. खालचं भांडं कोरडं पुसून तासभर ठेवा. खाली थेंब दिसला तर तो कॅन्डलमधून आलेलाच नाही, वायसरमधून आला. हे मला फार उशिरा सुचलं, आणि ही परीक्षा फुकटातली आहे.

सगळं बसवल्यावर पहिलं भांडंभर पाणी पिऊ नका. धुण्याला, झाडाला घाला.

खालच्या भांड्याकडं सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. तिथं स्वच्छ पाणीच तर येतं, मग धुवायचं कशाला, असं वाटतं. पण पाणी साठून राहिलं की चार दिवसांत भिंतीला बुळबुळीतपणा येतो, आणि तोच जंतूंचा बिछाना. हे भांडं मात्र साबणानं घासायचं, भरपूर खंगाळायचं, उन्हात पालथं घालायचं. क्षाराचा पांढरा थर बसला असेल तर लिंबाचं साल किंवा चिंच लावून अर्धा तास ठेवा, निघतो. तोटी फिरवून काढा आणि बारीक ब्रश आतून घाला. पोरं खेळून येतात आणि मातीच्या हातानं तीच तोटी धरतात, काही तर थेट तोंड लावतात. आमच्याकडं आता तोटी बाहेरूनही रोज पुसली जाते. पाहुणे आल्यावर घाईत झाकण उघडून खालच्या भांड्यात तांब्या बुडवण्याची सवय असेल तर ती मोडा.

पावसाळ्यातलं लाल पाणी थेट फिल्टरमध्ये ओतू नका, कॅन्डल दोन दिवसांत बुजते. आधी हंड्यात घ्या, तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवा, रात्रभर हलवू नका, सकाळी वरचं पाणी अलगद काढून घ्या. आपल्या आज्या निवळीच्या बिया घागरीच्या आतून घासायच्या, त्यानंही गाळ खाली बसतो.

आता जे सांगणार आहे ते जरा नाउमेद करणारं वाटेल, पण सांगायला हवं. १८८४ साली फ्रान्समध्ये पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत चार्ल्स चेंबरलँड यांनी अशीच भाजलेल्या मातीची कॅन्डल बनवली. इतकी बारीक की तिच्यातून जिवाणू पार होत नसत. मग १८९२ साली रशियात इव्हानोव्स्की नावाच्या संशोधकानं रोगट तंबाखूच्या पानांचा रस त्या कॅन्डलमधून गाळला आणि गाळलेला रस चांगल्या झाडांना लावला. तरी झाडं आजारी पडली! म्हणजे त्या कॅन्डलमधूनही जाईल इतकं बारीक काहीतरी होतं. पुढं त्याला विषाणू म्हणायला लागले. थोडक्यात, विषाणू ओळखला गेला तोच मुळी कॅन्डलमधून निसटला म्हणून.

पाण्यातून होणारी कावीळ ही विषाणूंचीच. आणि आपल्या बाजारातल्या साध्या कॅन्डलची छिद्रं बऱ्याचदा चेंबरलँडच्या कॅन्डलपेक्षा मोठी असतात. म्हणून गावात कावीळ किंवा गॅस्ट्रोची साथ असेल, घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल, तर गाळलेल्या पाण्यावर भरवसा ठेवून थांबू नका. पाणी गाळून मग उकळा. खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट राहू द्या आणि झाकून गार करा. तेवढं सरपण किंवा गॅस नसेल तर आशाताईंकडून क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या घ्या, बाटलीवर लिहिलंय तेवढंच प्रमाण घाला, आणि अर्धा तास थांबून प्या. हे थेंब खालच्या भांड्यात घालायचे, वरच्यात नाही. गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर मळावरच खर्च होतो, आणि कोळशाची कॅन्डल असेल तर ती क्लोरीन खाऊन टाकते. पंचायतीची टीसीएल पावडर मात्र अंदाजानं चिमूट घेऊन घरच्या पाण्यात टाकू नका, ती विहिरीच्या आणि टाकीच्या मापाची आहे.

खारट पाणी कॅन्डलनं गोडं होत नाही. फ्लोराईड, नायट्रेट हेही तिच्यातून सरळ पार होतं, आणि उकळून तर पाणी आटतं, ती वस्तू तेवढीच राहते. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत फ्लोराईडचा त्रास आहे, मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड एका लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नसावं. हे डोळ्यांनी किंवा चवीनं कळत नाही, तपासावंच लागतं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायची पेटी वापरायला शिकवायची, असं ठरलेलं आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा. नावं नुसती कागदावर असतील तर तेही कळेल.

विजेच्या आरओ मशिनबद्दल थोडंच सांगते. तिचा आतला पडदा घरी उघडायचा नाही. बाहेर जो पांढरा, दोऱ्यासारखा गुंडाळलेला गाळाचा फिल्टर असतो, तो मातकट झाला की बदलायचा. वरून धुतला तरी पोटातला गाळ निघत नाही. त्याची हयगय केली की आतला महागाचा पडदा लवकर जातो. पाण्यातले क्षार मोजून लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर आरओची गरजच नसते. ती निम्म्याहून जास्त पाणी बाहेर टाकते, आणि टँकरच्या गावात हे मला तरी पटत नाही. बाहेर पडणारं पाणी निदान बादलीत धरा, फरशी पुसायला चालतं.

आणि ज्यांच्याकडं फिल्टरच नाही? त्यांच्यासाठी जुनं लुगडं आहे. मी थट्टा करत नाही. बांगलादेशात मतलब भागात ६५ गावांत रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुनी सुती साडी चार पदरी किंवा जास्त करून पाणी गाळायला शिकवलं. २००३ साली त्याचा निकाल छापून आला. पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी झाले. पटकीचे जंतू एवढे बारीक की कापडातून सहज जातील, पण ते तळ्यातल्या आणि नदीतल्या अगदी छोट्या जिवांना चिकटून राहतात, आणि ते जीव कापडात अडकतात. साडी जुनीच हवी. धुऊन-धुऊन सुताचे तंतू सुटतात आणि वीण दाट होते.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना नारू आठवत असेल, पायातून दोऱ्यासारखा निघणारा. तोही अशाच पाण्यातल्या बारीक जिवातून पोटात जायचा. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाणी कापडानं गाळून प्यायला लावलं, आणि २००० साली आपला देश नारूमुक्त जाहीर झाला.

तेव्हा कापड घ्या, चार पदर करा, हंड्याच्या तोंडावर पक्कं बांधा. कापडानं सगळे जंतू जात नाहीत, म्हणून उकळणं किंवा थेंब घालणं आहेच. एका कोपऱ्यात वरच्या अंगाला रंगीत दोऱ्याचा टाका घाला. उद्या तोच टाका वर आला पाहिजे. कापड उलटं लागलं तर कालचा अडकलेला मळ आजच्या पाण्यात पडतो. गाळून झालं की लगेच धुवा आणि कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर दोन कापडं ठेवा, एक चुलीच्या वर वाळत राहील.